उंचीचा विक्रम आणि सासूबाई

टेस्ट पायलटची बायको म्हणून भीती वाटायची का, विचारताय? ऐका. आमचे हे बंगळूरला लढाऊ विमान सर्वांत उंच नेण्याचा विक्रम करणार होते. मी आणि सासूबाई इथे नारायण पेठेत, शेजारच्या काकांच्या फोनपाशी सकाळपासून बसलेल्या. दुपारी फोन वाजला. कुणी अधिकारी म्हणाला, "वहिनी, साहेब सुखरूप आहेत."

सुखरूप आहेत, हे कुणी उगाच सांगतं का?

मग यांचा आवाज आला. "अगं, विक्रम झाला! वर इंजिन बंद पडलं, पण तसंच खाली आणलं. उद्या विमानानंच लोहगावला येतो."

सासूबाई रिसीव्हरला कान लावूनच होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"विक्रमवीर, आपण रेल्वेनं यावं."