व्हॉल्व्हवरचं नाव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आरमारातले एक निवृत्त मेकॅनिक बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून त्यांची बायको आलेलं पत्र वाचून दाखवत होती.

"तुमच्या लाडक्या युद्धनौकेच्या सासरहून आलंय."

"कॉर्व्हेट म्हणतात तिला. आणि सासर कसलं? आपण विकली, परदेशी आरमारानं घेतली."

"नाव बदललं, रंग बदलला, म्हणजे सासरच. पाठवणीनंतर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात."

"पोट बिघडलं होतं. पुढे वाच."

"त्यांच्या इंजिनवाल्याला जुन्या कागदांत तुमचा पत्ता सापडला. विचारतोय, इंधनाच्या व्हॉल्व्हवर तुम्ही रंगानं काय लिहून ठेवलंय? अर्थ कळेपर्यंत पुसणार नाही म्हणतो. काय लिहिलंत हो?"

"तुझं नाव."

"अगंबाई! व्हॉल्व्हवर?"

"जोर लावला की अडून बसायचा. हळुवार हात लावला की लगेच ऐकायचा."

"आणि हे इतक्या वर्षांत मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू चिडली असतीस."

"चिडलेच आहे. त्याला काय कळवायचं?"

"अर्थ कळव. पुसू दे आता."

"पुसतोय कसा! दर वर्षी नवा रंग दे म्हणून लिहिते."