मोर फिका होईपर्यंत

तुम्ही बसा ताई, खाटेवर बसा, मी उभ्यानंच सांगते, मला बसवत नाई. लहानपनापास्नं हे असंच. माझी माय म्हनायची, हिना पायले भिंगरी शे, एका जागी ठरत नाई. बसले की हात काहीतरी शोधत राहतात. हे बघा, हे फडकं घेतलं हातात, आता बोलता येईल मला.

आम्ही शिंदखेड्याकडचे. गाव लहान, नाव सांगून बी तुम्हाला कळायचं नाई. लोकांच्या वावरात कापूस वेचता वेचता मोठी झाले मी, बोंडाची टोकं लागून लागून बोटं फाटायची, आन घरात बापाचं धोतर, मायचं लुगडं, गोधडी, सगळं सुती, दुसरं काही असतं हे ठाऊकच नव्हतं. मंग लगीन झालं आन हे मला सुरतेला घेऊन आले, पांडेसऱ्यात डाइंगला व्हते, कापड रंगवायचं काम, तेव्हापास्नं इथंच. मला वाटलं, आता काय, कापडाच्याच गावात आलो, कापडाला काय तोटा. आन तोटा नव्हताच. हे सारखं काहीतरी आनायचे, डाग पडलेला कटपीस, कडेला फाटलेला कटपीस, खिडकीला तेच, उशीला तेच, माझ्या अंगावर साडी तीच. सगळं चकचकीत, पॉलिस्टरचं. पन त्याच्यावर पानी सांडून बघा, पानी इकडून तिकडं पळतं, कापड काही प्यायचं नाव घेत नाई.

एकदा घाईत गरम तवा त्या कटपीसनं उचलला, तर काय सांगू तुम्हाला, कापड जळालं नाई, वितळलं, आन बोटाला चिकटलं. ही दोन बोटं बघा, अजून गुळगुळीत आहेत. तेव्हापास्नं ठरवलं, चकचक अंगावर ठीक आहे, चुलीपाशी नको.

त्यात खानावळ सुरू झाली. सुरू झाली म्हनजे कोनी केली नाई, गावाकडची पोरं लूमवर यायची, मावशी दोन भाकरी द्या, मावशी भाजी द्या, असं करता करता घरात पंगत बसायला लागली. आन भाकर म्हनजे कळन्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, ती गरम असताना बांधून ठेवावी लागते. कटपीसमध्ये बांधली तर तिला घाम सुटतो, खालच्या भाकरीचा पार लगदा व्हतो. पोरं बोलायची नाई, पन खालची भाकर ताटात तशीच राहायची, ते मला बघवायचं नाई. भाकरीला असं कापड लागतं जे वाफ पिऊन घेईल.

ते मिळालं मला बेकरीत. उधन्याला खारी-नानकटाईची बेकरी आहे, तिथं मैदा यायचा कापडी गोनीत, वर निळा मोर छापलेला. बेकरीवाले चाचा म्हनायचे, लो मौसी, पसंद करो. आन मी पसंद करायला बसले की, म्हनजे उभीच, अर्धा दिवस जायचा. गोनी उजेडाकडं धरायची, फार विरळ नको, दोन धुन्यात फाटते, फार दाट नको, पानी पीत नाई, मधली घ्यायची. कडेचा धागा काढून काडी लावायची, हे आमच्या ह्यांनी शिकवलं, सुती असला तर कागदासारखा वास येतो आन राख फुंकली की उडून जाते, भेसळ असली तर काळा मनी व्हतो, टनक. मंग शिवन. तिचं बरोबर टोक सापडलं तर सर्रकन सगळी गोनी एका ओढीत मोकळी व्हते, चुकीचं टोक ओढलं की गाठ बसते आन बसा मंग दात लावत. चाचा हसायचे, म्हनायचे, मौसी, साडी लेने भी इतना टाइम नहीं लगाती तुम. मी म्हटलं, साडी मी एकटी नेसते चाचा, भाकर सगळे खातात.

पन गोनी आनली की लगेच फडकं व्हत नाई. तिच्यात खळ असते. भिजत घालायची, सोड्यात उकळायची, दगडावर आपटायची, उन्हात टाकायची, परत तेच, परत तेच. मोर निळाशार दिसतो तोवर ते फडकं कामाचं नाई. मोर फिका फिका व्हत जातो तसं कापड मऊ व्हतं, शेवटी मोर नुसता सावलीएवढा राहतो, तेव्हा ते भाकरीला घ्यायचं. भाकरीचं फडकं भाकरीलाच, त्याला मी कोनाला हात पुसू देत नाई. विरायला लागलं की ते हात पुसायला, मंग चुलीपाशी मसोतं, आन शेवटी फरशीला पोतेरं. खाली उतरतं, वर चढत नाई. हे चिडवायचे, तुझ्या फडक्यांचा मान माझ्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, तुम्ही पानी पिता का वाफेचं?

तर आता निमीचं ऐका. निमी माझी मुलगी, एकुलती एक, कोसाडला दिली. जावई लूमवर, मानूस गरीब, पन विहीनबाई मोठ्या तोऱ्याच्या. आमची खानावळ त्यांना कमीपना वाटायचा. निमी पह्यल्या बाळंतपनाला माझ्याकडं आली, मुलगा झाला. त्यांनी बाळाला कपडे पाठवले, काय ते कपडे, गुलाबी दुपटी, सॅटिनची कुंची, नुसतं चमचम. आन दिवस उन्हाळ्याचे, वर पत्रा. दोन दिवसात बाळाच्या पाठीवर लाल पुरळ, मंग मांडीत, मंग मानेच्या वळीत, लेकरू असं किंचाळायचं की खानावळीतली पोरं घास हातात धरून बसायची. निमी रडायची, आई, ह्याला काय झालं गं. डॉक्टरनं मलम दिलं आन म्हटलं, सुती कापड घाला, जुनं, मऊ.

जुनं सुती. निघाले मी. ह्या घरी जा, त्या घरी जा, बाई, जुनं लुगडं आहे का, धोतर आहे का, पंचा? सगळ्या आपल्याकडच्याच बाया, सगळ्यांनी पेट्या उघडल्या, आन सगळ्यांच्या पेटीत तेच, मिलमधलं चकचकीत. कापूस वेचनाऱ्यांच्या लेकी आम्ही, आन आख्ख्या गल्लीत लेकराच्या ढुंगनाला लावायला हातभर सुती नाई. मला भर उन्हात रडायला आलं, रागानं आलं.

घरी आले, भाकरीची टोपली उघडली, भाकरी काढून परातीत टाकल्या आन फडकी घेतली. सगळी घेतली. परत उकळली, फाडली, लंगोट केले, दुपटी केली. त्या दिवशी पोरांनी ओल्या भाकरी खाल्ल्या, एकानं बी खालची भाकर ताटात ठेवली नाई. आन बाळ झोपलं ताई. पाठीवर हात ठेवला तर गार. पुरळ सुकायला लागलं.

बारशाला विहीनबाई आल्या, चार बाया घेऊन. नाव ठेवलं, पाळना हालवला, आन बाळाला उचललं तर लंगोटावर मोर. फिका, पन दिसायचा. सगळ्यांसमोर म्हटल्या, माझ्या नातवाच्या ढुंगनावर मैद्याचा शिक्का? चुलीपाशी हात पुसायची फडकी माझ्या नातवाला? मी म्हटलं, हात पुसायची नाई हो, भाकरीची आहेत, मान मोठा आहे त्यांचा. त्यांना वाटलं मी टिंगल करते. रविवारी पोराला पाठवते, म्हटल्या, माझी सून आन नातू माझ्या घरी. सव्वा महिना बी झाला नव्हता. निमी खाली मान घालून बसली, तिला तिथंच राहायचं व्हतं ना, ती काय बोलनार. आन मला एकच दिसू राहिलं, तिथं गेल्यावर परत सॅटिन, परत पुरळ, आन माझी पोर बोलली तर वाईट, नाई बोलली तर लेकराचे हाल.

मी भांडले नाई. डिंकाचे लाडू केले. ओली बाळंतीन जातेय, लाडूला कोन नाई म्हनेल? डब्यात खाली फडकं, मधे फडकं, प्रत्येक थराला वेगळं गुंडाळलेलं, आन लाडू कमी, फडकी जास्त. निमीनं डबा उचलला तर हलका. माझ्याकडं बघितलं आन डबा पोटाशी धरला.

गेली. आन मंग मला जे व्हायला लागलं ते विचारू नका. भाजीत दोनदा मीठ. पीसीओवरून फोन लावायचा, तो निमीच्या शेजाऱ्यांच्या दुकानात, तिथून निरोप यायचा, सब बराबर छे, मासी. बराबर म्हनजे काय? पाठ कशी आहे, मान कशी आहे, दुकानदाराला काय विचारू? फडकी वापरली का फेकली? ह्यांनी सांगितलं, जाऊ नको, अजून बिघडेल. मी गेले.

कोसाडला उतरले आन घराखाली उभी राहिले. वर जायच्या आधी दोरी बघायची, दोरी खोटं बोलत नाई. वर गॅलरीत साड्या, जावयाचे शर्ट, सॅटिनची दुपटी ओळीनं. मोर एक नाई. सगळ्या दोऱ्या परत बघितल्या, पुढून बघितल्या, मागून बघितल्या. म्हटलं, फेकली. मी वळलेच व्हते, तर वरनं विहीनबाईंनी हाक मारली, अहो, खाली काय उभ्या, वर या.

वर गेले. दार लोटलं आन बघते तर आत, पलंगावरून भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली आन तिच्यावर माझी फडकी. सगळी. खोलीत वाकून चालावं लागत व्हतं. बाळ उघडं, नुसत्या लंगोटावर, पाठ अशी स्वच्छ. निमी हसली. विहीनबाई चहा ठेवत माझ्याकडं न बघताच म्हटल्या, बाहेर नाई टाकत मी, चार लोकं बघतात. चहात साखर घालत परत म्हटल्या, अजून असतील तर आना, कमी पडतात. पन पिशवीत घालून आना.

बाहेरची सॅटिनची दुपटी नुसती लोकांसाठी व्हती. विहीनबाई ती धुवायच्या, टाकायच्या, काढायच्या. मी पोटभर हसले, पन घरी येऊन. तिथं गप चहा प्यायले.

झाली त्याला वर्षं. नातू आता धावतो, माझ्यावर गेलाय, ठरत नाई. आन बेकरीत आता मैदा प्लास्टिकच्या गोनीत येतो. चाचांनी शेवटच्या कापडी गोन्या मला ठेवल्या, हसले नाई ह्या वेळी. उजेडाकडं बी धरल्या नाई मी, आहेत तशा उचलून आनल्या. आन निमीला परत दिवस गेलेत. विहीनबाईंचाच फोन आला, आमच्या पीसीओवर, स्वतः. इकडचं तिकडचं बोलल्या, मंग म्हटल्या, ते तुमचं लाडूचं सामान तयार ठेवा.

म्हनून मी बसत नाई ताई. हे हातात आहे ना माझ्या, मघापास्नं चोळू राहिले, ह्याचा मोर बघा, अजून किती निळा आहे. पोर सुखानं सुटू दे, लेकराची पाठ गार राहू दे. तुम्ही चहा घ्या, मी तेवढं हे आपटून येते, ऊन जाईल.