रेघ असलेला सतरा नंबर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या फुटबॉल परिषदेचे प्रमुख श्री. रॉइस लिंडालसाहेब, व्यासपीठावरील आदरणीय पाळकसाहेब, आठही कॉलेजांचे प्रशिक्षक, ज्यांच्यासाठी आपण जेवण झाल्यावरही खुर्च्या सोडलेल्या नाहीत ते सत्कारमूर्ती, परिषदेच्या नोंदी ठेवून आता निवृत्त होणारे श्री. मेर्विन हॉगेन, आणि चर्चच्या या तळघरात दाटीवाटीने बसलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी आर्डिस ट्वेट. मी हायस्कूलपर्यंत शिकलेली गृहिणी. व्यासपीठावर बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. कागद पाठकोरा आहे, पलीकडे उपासनेची गीतं छापलेली, तेव्हा मी मध्येच एखादं गीत म्हणायला लागले तर समजून घ्या की चुकून पान उलटलं.

प्रथेप्रमाणे आधी निकाल. पाळकसाहेबांचं म्हणणं की आधी प्रार्थना हवी. हे त्यांचं म्हणणं पुष्कळ वर्षांचं आहे आणि ते बरोबरही आहे. पण मेर्विनसमोर निकाल न सांगता प्रार्थना केली, तर त्यांचं लक्ष प्रार्थनेत राहत नाही, हे देवालाही एव्हाना माहीत झालं असेल.

तर काल, हंगामाचा शेवटचा शनिवार. टॅल्मन चोवीस, ओक बेंड सतरा. सेंट ऑस्वाल्ड एकतीस, प्लम ग्रोव्ह दहा. ड्राय फोर्क तेरा, वॉक्टन बारा. न्यू हॅम्ले बेचाळीस, सँडर्स क्रीक वीस. आठवड्याचा खेळाडू, ड्राय फोर्कचा डेशॉन प्रुएट. एकट्याने एकोणीस वेळा चेंडू नेणाऱ्याला पाडलं. वॉक्टनच्या मंडळींनी तोंड वाकडं करू नये. मेर्विननी ते चित्रफितीवर दोनदा मोजलंय. रेडिओवाले एकवीस म्हणत होते.

ही या माणसाची रीत. सदतीस वर्षं शनिवारी चार सामने व्हायचे, सोमवारी सकाळी एका पानाचा कागद आठ कॉलेजांना आणि सगळ्या वर्तमानपत्रांना जायचा. कोण जिंकलं, हातात चेंडू घेऊन कोण किती यार्ड धावलं, कोण चमकलं. त्या कागदात विशेषण नसायचं. 'अप्रतिम' हा शब्द एकदा मी टंकताना घातला होता. मेर्विननी विचारलं, "अप्रतिम म्हणजे किती यार्ड?" पुन्हा घातला नाही.

त्यांचा पुतण्या ओक बेंडकडून खेळायचा. एका शनिवारी तो शंभर यार्ड धावला. घरात केक आणलेला. मेर्विन रविवारी चित्रफीत घेऊन बसले आणि म्हणाले, "तिसऱ्या धावेत गुडघा यार्डभर आधीच टेकलाय, धाव तिथेच संपली. नव्व्याण्णव." पुढच्या ईस्टरला भावाकडून जेवणाचं बोलावणं आलं नाही. मी म्हटलं, "अहो, एका यार्डासाठी?" तर म्हणाले, "आर्डिसबाई, शंभर लिहिलं की जे खरंच शंभर धावले त्यांचं काय?"

आता त्यात माझा भाग काय, असं नव्या मंडळींना वाटेल. शनिवारी मेर्विन एका सामन्याला हजर असायचे. उरलेल्या तिन्ही सामन्यांचे फोन माझ्या स्वयंपाकघरात यायचे. मी उतरवून घ्यायची. रविवारी उपासना झाली की ते कॉफीला यायचे, माझ्या चिठोऱ्यांवरून त्यांच्या मोठ्या पुस्तकात नोंद करायचे, आणि सोमवारी मी कागद टंकायची. चिठोरे म्हणजे काय, तर मागच्या रविवारच्या उपासना-पत्रिका. एका बाजूला गीतांचे क्रमांक आणि प्रार्थना, दुसरी बाजू कोरी. देवाचं नाव छापलेला कागद टाकवत नाही, आणि कोरी बाजू वाया घालवणं मला तरी पाप वाटतं. त्यामुळे ते सगळे चिठोरे माझ्याकडे आहेत. बुटांच्या खोक्यांत, वर्षवार.

त्यातल्याच एका चिठोऱ्याबद्दल आज बोलायचं आहे.

ऑक्टोबरात आपण खाली इथेच, चर्चच्या स्वयंपाकघरात, रात्रीच्या जेवणासाठी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होतो. माझ्याशेजारी बर्निस नोवोत्नी होती. तिचे यजमान लॅडी, शाळेची बस चालवतात, तुमची निम्मी मुलं त्यांनी शाळेत पोचवली आहेत. हे लॅडी टॅल्मनकडून चार वर्षं खेळले. खेळले म्हणजे बाकावर बसले. आणि ते घरी नेहमी सांगायचे की आपण एकदा एक किक अडवली होती. मी सहज विचारलं, "लॅडी अजून ती किक सांगतात का गं?"

"सांगतात?" बर्निस म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर ती किकही ताटात पडायची. आता बंद झालंय."

"का गं? पोट भरलं का?"

"गेल्या वर्षी जोलीननं लायब्ररीतून मेर्विनच्या पुस्तकाची प्रत काढून आणली. सगळ्यांसमोर उघडून म्हणाली, 'बाबा, हा घ्या सातवा आठवडा. दाखवा तुमचं नाव. इथे तर लिंडालकाका आहेत!' सगळे हसले. हेही हसले. मग म्हणाले, 'असेल बाई. बर्फ फार होतं. मला नुसतं तसं वाटत असेल.'" बर्निसनं लाटणं खाली ठेवलं. "आर्डिस, तेहतीस वर्षं ती किक ऐकून मला वीट आला होता, खरं सांगते. पण हे 'तसं वाटत असेल' मला आवडलं नाही."

जोलीन, तू मागे बसली आहेस, मला दिसते आहेस. मान खाली घालू नकोस. पुस्तक बघून बोललीस, हे बरोबरच केलंस.

घरी जाऊन मी खोकं काढलं. तेहतीस वर्षांपूर्वीचा सातवा आठवडा. टॅल्मन नऊ, ड्राय फोर्क सात. शेवटच्या क्षणी ड्राय फोर्कची तीन गुणांची किक, ती गेली असती तर टॅल्मन हरलं असतं. ती अडवली गेली. माझ्या अक्षरात लिहिलेलं: 'किक अडवली, १७.'

आता प्रशिक्षक मंडळींना ठाऊक आहे, एका संघात एकाच नंबरची दोन पोरं असू शकतात. एक आक्रमणातला, एक बचावातला, फक्त दोघं एका वेळी मैदानात नकोत. टॅल्मनकडे त्या वर्षी दोन सतरा होते. आक्रमणातले, म्हणजे लांबवरून आलेला चेंडू झेलणारे, आपले आजचे अध्यक्ष. आणि बचावातले राखीव, लॅडी. गोंधळ नको म्हणून मेर्विनची नि माझी खूण ठरलेली: आक्रमणातल्याचा नंबर नुसता, बचावातल्याच्या नंबराखाली रेघ.

मी तो कागद खिडकीशी धरला. सतराच्या खाली रेघ होती. पण कागद पातळ, आणि पलीकडच्या बाजूला प्रार्थना संपून अर्पणाची सूचना सुरू होते तिथे छापखान्याची काळी रेघ. दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक. वरवर बघणाऱ्याला वाटावं, पलीकडचीच उमटली आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेर्विनकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, घातला, कागद उजेडात धरला.

"छापील असेल," म्हणाले.

"छापील जरा वर आहे. ही शिसपेन्सिलची आहे. बोट फिरवून बघा, काळं लागेल."

"पुरावा पुसायचा नसतो." आणि बोट काही फिरवलं नाही. बराच वेळ कॉफी ढवळत बसले. ते साखर घेत नाहीत.

मी म्हटलं, "चूक माझी. कोरा कागद वापरला असता तर हे झालं नसतं."

"तुम्ही रेघ मारली होती. मला दिसली नाही."

"मी टंकताना तरी ताडून बघायला हवं होतं."

"पुस्तकावर सही कुणाची आहे?"

हा वाद अजून मिटलेला नाही. आम्ही दोघंही आपापल्या मताला धरून आहोत.

मंडळी, सोमवारी म्हणजे उद्या हे पुस्तक परिषदेच्या नव्या कार्यालयात जाणार, पुढच्या नोंदीही तिथेच होणार. तिथली मुलं त्यातलं सगळं जसंच्या तसं संगणकात भरणार आणि पुस्तक काचेच्या कपाटात ठेवणार. पुढे कुणी शोधलं तर जे त्यात आहे तेच खरं. म्हणजे लॅडींचं नाव यायचं तर आजच. आणि इकडे टेबलावर, त्या निळ्या मखमलीखाली, मेर्विनना द्यायची पितळी पाटी आहे. ती करून घेण्याचं काम माझ्याकडेच होतं, सप्टेंबरातच कोरायला दिली होती. तिच्यावर कोरलंय: 'सदतीस वर्षं. चौदाशे ऐंशी सामने. एकही चूक नाही.'

या माणसानं आयुष्यात दुसरी कुठली फुशारकी मारलेली नाही. 'माझ्या पुस्तकात खाडाखोड नाही', एवढीच. मी गप्प राहिले असते तर ती पाटी खरी ठरली असती आणि बसमधला एक माणूस स्वतःच्याच आठवणीवर विश्वास ठेवेनासा झाला असता. खोटी साक्ष देऊ नये हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. गप्प राहणं हीही साक्षच की नाही?

मी मेर्विनना पाटीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोरलेलं पुसता येतं?"

"नाही."

"मग तुम्ही बोलून पुसा. जिथे पाटी देणार तिथेच. आणि त्याआधी कुणाला सांगू नका. आपला कागद सोमवारच्या आधी फुटत नाही."

त्यांची ही आज्ञा मी एका बाबतीत मोडली. एखाद्याचं नाव चारचौघांत खोडायचं तर त्याला आधी सांगायला हवं, असं मला वाटलं. म्हणून गुरुवारी मी अध्यक्षमहोदयांच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. ते काय म्हणाले ते सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. हो ना, रॉइस? मान हलवताहेत.

त्यांनी कागद पाहिला आणि हातातले बोल्ट डब्यात टाकले. म्हणाले, "आर्डिसबाई, त्या दिवशी माझा घोटा सुजला होता. किक झाली तेव्हा मी घोंगडी पांघरून बाकावर होतो. किक अडवली कुणी तेसुद्धा मला दिसलं नाही, एवढं बर्फ."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"सोमवारी कागद आला. पोरांनी पाठ थोपटली. तेव्हाच 'अरे, मी नव्हतो' म्हटलं असतं तर संपलं असतं. मंगळवारी ते जड गेलं. रविवारी आईनं कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं. त्यानंतर कसं बोलायचं सांगा?"

"आणि लॅडी?"

"लॅडीनं माझ्याकडे बघितलं, बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. तो बोलला असता तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं. तो काही बोलेना आणि मीही बोलेना."

आपली ही माणसं अशीच. आपल्या हातून झालेलं चांगलं काम घराबाहेर तोंडानं सांगायचं म्हणजे उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटतं. मी निघताना रॉइस म्हणाले, "चौकट काढतो आजच. भिंतीवर चौकोन राहणार तेवढा, तिथला रंग उडालेला नाही. बायको विचारेल, आता इथे काय लावायचं."

अध्यक्षमहोदय, त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

तर आता मेर्विननी परवा दुपारी पुस्तकात स्वतःच्या हातानं लाल शाईनं केलेली नोंद, आणि तिच्यावरून मी टंकलेला कागद, वाचते. त्यांच्या पद्धतीनं वाचते. विशेषण नाही.

'दुरुस्ती. सातवा आठवडा. टॅल्मन नऊ, ड्राय फोर्क सात. शेवटची किक, अंतर सव्वीस यार्ड, अडवली. अडवणारा: लॅडिस्लाव नोवोत्नी, क्रमांक सतरा, बचाव. आठवड्याचा खेळाडू: लॅडिस्लाव नोवोत्नी. पूर्वीची नोंद चुकीची होती. सही, मेर्विन हॉगेन.'

लॅडी, कॉफीच्या त्या भांड्याची तोटी बंद करा. कप भरून वाहतोय. बर्निस, बघ गं जरा.

अध्यक्षमहोदय उठून उभे राहिले आहेत. अध्यक्षांना बसा म्हणायचा अधिकार मला नाही, तेव्हा बाकीचे उठले तरी माझी हरकत नाही.

जोलीन, पुस्तक इथे पुढे ठेवलंय. पान एकशे बारा. येऊन बघ, पण लाल शाईला बोट लावू नकोस, कागद जुना आहे.

आणि मेर्विन, तुमची पाटी आहे तशीच तुम्हाला देत आहोत. पितळेवरची शेवटची ओळ खोटी ठरली आहे हे आता दोनशे माणसांना माहीत आहे, आणि तुमच्या पुस्तकात प्रथमच खाडाखोड झाली आहे. उद्यापासून शनिवारी माझा फोन वाजणार नाही. ते स्वयंपाकघर बरंच मोठं वाटेल असं दिसतंय. रविवारी मात्र कॉफीला यायचं थांबवू नका. ढवळायला चमचा ठेवीनच.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, हॉल दिल्याबद्दल पाळकसाहेबांचे, कोलाचे हे गोड पाव करून आणणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर उदार मनानं क्षमा करा. मात्र सुटलेलं नाव कॉफी संपायच्या आत मला येऊन सांगा. पुन्हा तेहतीस वर्षं थांबायला मी काही असणार नाही.