दगाची नोकरी

कौसाबाई आंधळ्या दगाला घेऊन मिरचीच्या वखारीत शिरली. मी मागे, मापाच्या रांगेत.

"रूपचंदशेठ, देठ खुडाले याले ठेवा."

"बाई, मागे तू कापूसना जिनमा बहिरा कामले लावा. आते आंधया लई उनी?"

"जिनना गोंगाटमा तोच एक खूश शे!"

"सडकी मिरची याले दिसी कशी?"

"हातले नरम लागस, शेठ," दगाच बोलला.

"दगा, मी बोली ऱ्हायनी ना!"

"बाई, त्याले डोया नहीत!"

"तुम्हीबी डोया मिटीसनच बोली ऱ्हायनात."

"मिरची झोंबस ना! आक्‌छी! अरे, दार कोठे शे?"

"मन्हा हात धरा, शेठ. डावीकडे दोन पायऱ्या शेतस. येताना मोज्यात."

"हळू रे… हळू…"

"शेठ, आते त्याना हात सोडा. देठ खुडाले दोन्ही हात लागतीन."