यारीवरची नागक्का

मी कुणाचं मुकाट्यानं ऐकून घेणारी बाई न्हाई, पण त्या दिवशी कमलनगरच्या शिबिरात मी ऐकून घेतलं. बचत गटाच्या बायांना पुढारपण शिकवायला एक सायब आलते. मीच आमच्या गटातल्या नागक्काला उभं केलं. म्हटलं, "हिला विचारा."

मागं विहीर खणताना माती ढासळली तेव्हा दोर ओढायच्या यारीवर नागक्का होती. खाली चौघं. त्यातला मुकादम म्हंजे तिचा नवरा. मुकादमानं सगळ्यांत शेवटी वर यायचं, ही आमच्याकडची रीत. तो खालून ओरडला, "गड्यांना आधी काढ." तिनं तिघं वर काढले. पहिला माझा लेक. चौथ्यांदा दोर रिकामाच वर आला.

हे ऐकून सायबांनी फळ्यावर लिहिलं, 'आधी दुसऱ्यांचा विचार'. मग विचारलं, "अक्का, पुन्हा तीच वेळ आली तर?"

"आधी त्यालाच काढीन," नागक्का म्हणाली. "रीतबीत बघणार न्हाई."

सायबांचा खडू थांबला. बाया माझ्याकडं बघायल्या. मी मान खाली घातली.

घरी लेकानं विचारलं, "काय बोलली गं नागक्का?"

"खरं तेच बोलली," म्हटलं, आणि त्याच्या ताटात भाकर वाढली.