एका दुकानात एकच जिन्नस

(सकाळ. बटणांचं दुकान. समोरच्या दुकानातले शिंपी मास्तर उंबऱ्यातच उभे.)

वहिनी : आत तर या. दारात उभं राहून कोण बोलतं असं?

मास्तर : बसायला नाही आलो, वहिनी. मी सही केली. काल दुपारी.

वहिनी : कसली?

मास्तर : दुकानांच्या ह्या दोन्ही ओळी पाडायला हरकत नाही म्हणून. आता एकट्या तुमची राहिलीय. तुमचा कागदही माझ्याच हाती दिलाय बिल्डरच्या माणसांनी.

वहिनी : मागच्या आठवड्यात इथेच बसून म्हणालात, आपण दोघं घट्ट राहिलो तर कुणी वीट हलवू शकत नाही.

मास्तर : म्हणालो होतो. पण महिन्याभरात एक पँट आली हो. तीही उंची कमी करायला.

वहिनी : माझ्याकडे एक मुलगी आली. फळीवरच्या बरण्यांचे फोटो काढले, किती छान जुनं आहे म्हणाली, आणि गेली.

मास्तर : पूर्वी एका फ्रॉकसाठी बायका पाच दुकानांच्या पायऱ्या चढायच्या. कापड, अस्तर, दोरा, तुमची बटणं, मग मी. दिवस मोडायचा, पण कुरकूर नसायची.

वहिनी : एका दुकानात एकच जिन्नस. तुमच्या वडिलांनी घातलेला नियम. शेजाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

मास्तर : नियम चांगला होता.

वहिनी : होता ना. दोरेवाले वारले, तेव्हा मी दोऱ्याची दोन खोकी आणली होती. तुम्ही येऊन ह्यांना सांगितलंत, त्यांची मुलगी दुकान उघडणार आहे, तिची जागा खाऊ नका. ह्यांनी खोकी परत धाडली.

मास्तर : येते म्हणाली होती ती.

वहिनी : बावीस वर्षं झाली. मग अस्तरवाले गेले, अस्तर कुणी ठेवलं नाही. दोरा नाही म्हटलं की बाई निवडलेली बटणंही तशीच ठेवून जायची. गिऱ्हाईक कुणी पळवलं नाही, मास्तर. आपणच घालवलं.

मास्तर : चुकलं माझं. तुमचंच खरं होतं.

वहिनी : हे ह्यांना सांगायचं होतं. जाईपर्यंत ते मला हावरट समजत राहिले.

मास्तर : उद्या जाऊन माझी सही मागे घेतो मी.

वहिनी : घ्याल, आणि मग? समोरासमोर बसून एकमेकांच्या पाट्या वाचायच्या?

मास्तर : वहिनी...

वहिनी : द्या तो कागद. चष्मा वर राहिलाय माझा. सही कुठे करायची, तिथे बोट ठेवा.