सतरा नंबरचा बिल्ला

हॅलो? यॉट क्लब, ऑफिस… अगं ताई, तू होय! बोल.

हो… हो… अगं हो, इथंही धुकंच आहे… आले, आले तुझे अहो. मघाशीच आले. उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस.

नाही, मी डोळ्यांनी नाही पाहिलं. शताब्दीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या लावून घेत होते… अगं, बोर्डावर त्यांचा सतरा नंबरचा बिल्ला पांढरा आहे ना! पितळी बिल्ला. पाण्यात जाताना लाल बाजू वर करायची, परत आलं की पांढरी. ज्याचा त्यानं पालटायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पहिल्या दिवसापासूनची रीत आहे, सेक्रेटरीसुद्धा मोडत नाहीत… हो, म्हणून तर शोधायला गेलेल्या बोटीला आत्ताच वॉकीटॉकीवर कळवलं, परत या म्हणून.

फोन? अंघोळीला गेलेत गं. पाण्याचा आवाज येतोय. तुझाच नवरा तो, आधी गरम पाणी, मग बायको!… बरं बाई, नेते फोन. धीर धर जरा, कॉरिडॉर काय इवलासा आहे? तू एकदा येऊन बघच. हॉलला नवं पॉलिश, वाचनालय, बिलियर्डची खोली, बोटी ओढून वर घ्यायचा उतार, सगळं चकाचक केलंय. फक्त भिंतीवरचे हे मिशीवाले माजी अध्यक्ष… एकेकाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

अरे देवा, फरशीवर पाणीच पाणी! आणि अनवाणी पाय उमटलेत. बूट कुठं टाकून आले हे?

भावोजी! ताईचा फोन आहे!

…“आलोय” म्हणाले… आवाज? दाराआडून काय कळणार? घसा बसलाय वाटतं. थांब, परत विचारते. भावोजी, बाहेर येताय ना?… “आलोय.” तेवढंच… नाही गं, चिडलेले नाहीत. उलट… कसं सांगू, लहान मूल उंबऱ्यात उभं राहून सांगतं ना, मी आलोय बघा, तसं… आणि वाफ नाही गं कुठं. एवढा नवा गीझर बसवलाय, आणि हे गार पाण्यानं…

थांब. खिडकीतून धक्का दिसतोय आता, धुकं जरा विरळ झालंय. बाकीच्या बोटी आहेत. भावोजींची… ताई, त्यांची बोट नाहीये… अगं, डोळे फुटलेत का माझे? बोट बांधायचा नारिंगी गोळा नुसताच तरंगतोय.

रडू नकोस. ऐक. अगं ऐक ना! वॉकी कमरेलाच आहे माझ्या. हॅलो, बोट? मागे फिरा! सतरा नंबर आलेला नाही!… खड्ड्यात गेला तो बिल्ला! मी सांगतेय ना, माझ्या जबाबदारीवर! खडकांच्या बाजूला बघा, तिकडंच जातात ते!

गेले, ताई, वळले ते… कुणी पालटला? मला काय माहीत! सगळे सभासद धुकं पडताच घरी पळाले, तुझे अहोच तेवढे हट्टी… आधी? आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता सतरा. इथं नंबर रद्द करत नाहीत गं, जुना सभासद गेला की नव्याला देतात. पण सतरा कित्येक वर्षं कुणी घेतच नव्हतं. भावोजी हसले, म्हणाले, मला द्या, मी असलं काही मानत नाही… असलं म्हणजे काय ते मी नाही विचारलं. खरंच नाही विचारलं गं.

हो, पाणी चालूच आहे… दार? मी? वेड लागलंय का तुला! तू बोलत राहा. काहीही बोल. मुलांचं बोल… हं… हं… दात पडला? कधी?…

थांब, थांब! वॉकी!… काय? परत सांगा!… ताई! सापडले! सापडले गं! उलटलेल्या बोटीला धरून होते. शुद्धीवर आहेत, बोलताहेत. तुला कळवलं का, हेच पहिलं विचारलं म्हणे… रड, आता खुशाल रड. मीही रडतेय.

हो, कोरडे कपडे आण. स्वेटर आण. आणि गाडी सावकाश चालव…

काय? पाणी?… अगंबाई. बंद झालंय. मी “सापडले” म्हणून ओरडले ना, तेव्हाच बंद झालं.

ताई, ठेवू नकोस. फोन ठेवू नकोस. दाराशी आलाय तो. अगदी पलीकडे. श्वास ऐकू येतोय… श्श. काहीतरी विचारतोय.

विचारतोय, “आणि मला शोधायला कोण गेलंय?”

काय सांगू गं त्याला?… ताई?… हॅलो?